वाळूखालचा मतदारसंघ

शुक्रवार, १७ जानेवारी. काम: मॅडमचं शेवटचं रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणं.

कुकर लावला, कपडे मशीनमध्ये टाकले आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून हेडफोन कानाला लावले. नवरा शिफ्टला गेला होता, मुलगी झोपली होती. रेकॉर्डिंग वीस मिनिटांचं होतं. दीड वर्ष जवळजवळ दर शुक्रवारी मी हेच काम केलं होतं, त्यामुळे अकराच्या आत उरकेल असं धरून बसले.

बारा मिनिटं नीट गेली. मग बोलणं थांबलं, पण रेकॉर्डिंग चालूच राहिलं. मॅडम यंत्र बंद करायला विसरल्या होत्या. खुर्ची सरकली. सपाता घासत कुणीतरी डावीकडून उजवीकडे गेलं. मी हेडफोन काढले आणि आमच्या स्वयंपाकघरात डोकावून आले. कुणी नव्हतं. परत येऊन हेडफोन लावले तर नळ सुरू होता, मग कप ठेवल्याचा आवाज, मग खोकला. तो खोकला मी ओळखत होते. दोन ठसके, मध्ये थांबणं, मग तिसरा.

मॅडम ऑक्टोबरात गेल्या. तीन महिने होऊन गेले होते, आणि माझ्या कानात त्या कप विसळत होत्या.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या घरातून तसल्या गोष्टी माझ्या बापाने मी लहान असतानाच हद्दपार केल्या. तरीही मी उठून कुकर बंद केला, कारण शिट्टी झाली असती तर पुढचं पाऊल ऐकू आलं नसतं.

मी इथे आखातात एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. ड्रॉइंग, पत्रं, परवानग्या, यांच्या प्रती सांभाळायच्या. नवी प्रत आली की जुनीवर रद्दचा शिक्का मारायचा आणि ती साइटवरच्या प्रत्येकाच्या हातातून काढून घ्यायची. पाट्या टाकण्यासारखं काम नाही हे. एकदा जुन्या ड्रॉइंगवरून आमच्याकडे एक आख्खी भिंत बांधली गेली आणि पाडावी लागली. तेव्हापासून एकाच गोष्टीच्या दोन प्रती मला दिसल्या की माझा हात शिक्क्याकडे जातो.

मॅडमचे यजमान आमच्या प्रोजेक्टवर सल्लागार इंजिनिअर होते. आयर्लंडचे, उंच, कमी बोलणारे. एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "माझ्या बायकोचे हात थरथरतात आणि तिला पुस्तक लिहायचं आहे. तुमच्या स्पेलिंगच्या चुका होत नाहीत असं ऐकलं."

"होतात, सर," मी म्हणाले. "पण मला सापडतात."

तेवढ्यावर काम ठरलं. मॅडम आठवडाभर एका छोट्या रेकॉर्डरवर बोलायच्या. शुक्रवार-शनिवार इथे सुट्टी असते; मी शुक्रवारी घरी ते टाइप करायची आणि शनिवारी आमच्या सनदहून त्यांच्या अमवाजच्या फ्लॅटवर जाऊन छापील पानं त्यांच्यासमोर ठेवायची. मोठ्या अक्षरात छापलेलं त्यांना वाचता यायचं. लाल पेन मुठीत धरून त्या पानाखाली बरोबरची खूण करायच्या.

पुस्तक होतं एका मतदारसंघाबद्दल, जो दोनशे वर्षांपूर्वी बंद झाला. आयर्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर, वेक्सफर्ड परगण्यात, एका खाडीच्या तोंडाशी तो होता. मॅडमचं माहेर त्याच्या शेजारच्या गावात. माझी पहिली प्रतिक्रिया अशी होती की हे वाचणार कोण? तसं मी विचारलंही.

"चाळीस माणसं," मॅडम म्हणाल्या. "आमच्या गावचं इतिहास मंडळ. त्यातली दहा झोपा काढतील."

"मग एवढी मेहनत?"

"त्या मतदारसंघात एवढे मतदारही नव्हते. त्या मानाने मी बरी आहे."

बाराव्या शतकात परदेशी सरदार त्या खाडीत उतरले आणि त्यांनी तिथे बंदराचं गाव वसवलं. जहाजं लागायची, बाजार भरायचा, रस्त्यांना नावं होती. पुढे डब्लिनच्या पार्लमेंटात आपले दोन सभासद पाठवायचा हक्क गावाला मिळाला. मग खाडीत वाळू भरायला लागली. एका वादळात नाही, सावकाश. आधी बंदर गेलं, मग व्यापारी गेले, मग भिंतींच्या कडेने वाळू चढत गेली आणि उरलेली घरं बुजली. शेवटी वर एक पडकं चर्च राहिलं आणि, लोक सांगतात, एका घराचं धुराडं.

हक्क मात्र बुजला नाही. तो कागदावर होता आणि कागद डब्लिनला होता. निवडणूक लागली की हुकूम निघायचा, अधिकारी त्या वाळूत यायचा, धुराड्यापाशी उभा राहून हुकूम मोठ्याने वाचायचा. ऐकायला असायची चार-दोन माणसं, आणि तीही आसपासच्या बड्या जमीनदारांनी पाठवलेली, कारण त्या जागा त्यांच्या मुठीत होत्या. दोन नावं पुकारली जायची. सह्या व्हायच्या. सगळे घरी जायचे. डब्लिनला दोन सभासद हजर, त्या गावातर्फे. पिढ्यान्‌पिढ्या हे असं चाललं. वसुलीच्या जुन्या यादीत रस्त्यांची नावंसुद्धा तशीच लिहिली जात होती, आणि त्या रस्त्यांवर पुरुषभर वाळू होती.

हे पान टाइप करताना मी जांभई देत नव्हते, एवढं सांगते. डोळ्यांसमोर सारखा तो अधिकारी यायचा. वारा सुटलेला, हातात कागद, आणि तो मोकळ्या वाळूला उद्देशून 'गावकरी हो' म्हणतोय. खालून कुणी उत्तर दिलं असतं तर त्याने काय केलं असतं?

मॅडमचा आग्रह असा की जिथे पुरावा पक्का नाही तिथे 'लोक सांगतात' लिहायचं. काही लोक सांगतात निवडणूक धुराड्यापाशी व्हायची, काही सांगतात चर्चमधल्या एका कबरीच्या दगडावर. मी म्हटलं, "मॅडम, एका पानात पाच वेळा 'लोक सांगतात' आलंय."

"मग एका पानात पाच लोक बोलले."

"दोन काढते."

"त्या दोघांना काय सांगू?" आणि त्या हसायच्या. हसून झालं की खोकला.

त्यांना 'हो' म्हणायची एक सवय होती. श्वास आत ओढून 'हो' म्हणायच्या, साप दिसल्यावर माणूस दचकतो तसा. पहिल्यांदा मी खुर्चीवरून उठलेच होते. नंतर कळलं, त्यांच्याकडे बऱ्याच बायका तसं म्हणतात.

एका शनिवारी एका ओळीवर माझं बोट थांबलं. वाळूभोवतीच्या वस्त्यांत माणसं राहत होती. शेतकरी, कोळी, बहुतेक कॅथलिक. त्यांना बराच काळ मतच नव्हतं. वाळूला दोन सभासद आणि माणसांना एकही नाही.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

मी त्यांना आमच्या गावाचं सांगितलं. चंद्रपूरकडचं गाव. गावाखाली कोळसा निघाला आणि सगळ्यांना काही कोसांवर नव्या वसाहतीत हलवलं. घरं पाडली, खाण उघडली. पण मतदारयादी बदलायची राहिली. त्या वर्षी मतदान जुन्याच शाळेत झालं, कारण तेवढी एक इमारत खाणीच्या काठावर उभी होती. माझ्या बापाच्या लेखी मत देणं म्हणजे काय होतं ते आमच्या समाजात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मला सोबत घेऊन तो पहाटेच निघाला. केंद्र होतं, यादी होती, शाई होती. गाव नव्हतं. मत देऊन बाहेर आल्यावर त्याने आमचं घर कुठे होतं ते मला बोटाने दाखवलं. बोट हवेत होतं. खाली खड्डा होता.

मॅडमनी हातातलं लाल पेन बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "हे पुस्तकात घाल."

"तुमच्या पुस्तकात माझी खाण कशाला?"

"तुझा बाप धुराड्यापाशी उभा होता म्हणून."

"विषयाबाहेर आहे, मॅडम."

त्यांनी रेकॉर्डर चालूच ठेवला होता. पुढच्या शुक्रवारी मला माझाच आवाज ऐकावा लागला, बापाबद्दल बोलणारा. मी तो भाग टाइप केला नाही. मॅडमनी पान वाचलं, माझ्याकडे बघितलं, खूण केली. मी रेकॉर्डिंग पुसलं.

कारण नियम तसा होता, आणि नियम माझा होता. खूण झाली की त्याच वेळी, त्यांच्यासमोर, रेकॉर्डिंग पुसायचं. नाहीतर तोंडी एक, कागदावर दुसरं, आणि सहा महिन्यांनी कुणाला खरं कुठलं ते कळत नाही. मॅडम म्हणायच्या, "तू जल्लाद आहेस, बाई." पण त्यांनी कधी नको म्हटलं नाही. अशी त्रेसष्ट रेकॉर्डिंग पुसली. चौसष्टावं हे शेवटचं. त्याच्या पानांवर खूण करायला त्या राहिल्या नाहीत. मीही ते तीन महिने ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. कामं होती, असं मी स्वतःला सांगत होते.

त्या शुक्रवारी ते ऐकून झाल्यावर कपडे वाळत घालताना सरांचा मेसेज आला. करार संपला होता, व्हिसा संपत होता, मंगळवारचं विमान होतं. 'उद्या शेवटचं प्रकरण आणाल तेव्हा सगळी रेकॉर्डिंगही आणा. मी एकही ऐकलेलं नाही. धीर झाला नाही. घरी गेल्यावर रोज एक ऐकणार आहे. तिला फोटो, व्हिडिओ कधी आवडले नाहीत. तिचा आवाज माझ्याकडे दुसऱ्या कशातच नाही.'

मी ते दोनदा वाचलं आणि हातातला ओला टॉवेल तसाच घेऊन आत आले.

मुलीला उठवलं. ती अंथरुणातूनच म्हणाली, "बॅकअप नाहीये? सीरियसली, मम्मा?"

"नाही."

"यू, ऑफ ऑल पीपल."

तिने रेकॉर्डर लॅपटॉपला जोडला, कसलातरी प्रोग्रॅम चालवला. पुसलेल्या फाइलींची नावं ओळीने आली. एकेक उघडायला गेलं की काही नाही. त्याच जागेवर पुढचं, मग त्याच्या पुढचं रेकॉर्ड होत गेलं होतं. एक फाइल उघडली. तीन सेकंद. त्यात फक्त एसीची घरघर. मी तिला ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

"देअर्स नथिंग इन इट, मम्मा."

"मॅडम बोलायच्या आधीची आहे," मी म्हणाले. त्या बोलायच्या आधी एसीकडे बघून थोडं थांबायच्या, ते मला माहीत होतं. मुलीने माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

नवरा चार वाजता आला. ताट तसंच झाकलेलं पाहून म्हणाला, "काहून वो, जेवली काहून नाही?"

मी सांगितलं.

"मंग सांगून टाक ना त्याले. जास्तीत जास्त काय करन? रागावन."

"रागावले तं चालन. रडले तं मी काय करू?"

"त्याच्यापेक्षा म्हण, मशीनच खराब झाली."

"मशीन चांगली हाये."

"मशीन थोडीच सांगाले जाते!"

मला हसू आलं. पण खरं सांगायचं तर भात गरम होईपर्यंत मी त्या सल्ल्याचा विचार केला. यंत्र बिघडलं. वाक्य छोटं होतं आणि सोपं होतं. सरांना दुःख झालं असतं, पण कुणाचा राग करायची गरज पडली नसती. माझंही नाव स्वच्छ राहिलं असतं. ते वाक्य मी मनात इंग्रजीत जुळवूनसुद्धा पाहिलं, आणि ते जुळवताना मॅडमचाच श्वास आत ओढलेला 'हो' कानात आला. त्या अशा जागी तो म्हणायच्या, जिथे त्यांना समोरच्याचं पटलेलं नसे.

शनिवारी वारा होता. मुहर्रककडे जाणाऱ्या पुलावर वाळूचे पट्टे रस्ता ओलांडत होते. अमवाजची सगळी जमीन समुद्रात भर घालून केलेली. मॅडम त्यावर म्हणायच्या, "आमच्याकडे वाळूने गाव घेतलं, इथे दिलं. हिशेब पुरा." त्या आता इथल्याच ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. त्याबद्दल सर कधी बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

फ्लॅटमध्ये खोकी भरून ठेवली होती. भिंतींवर फ्रेमांच्या जागी फिकट चौकोन होते. मॅडमची खुर्ची मात्र खिडकीपाशी होती तिथेच होती, आणि मी नेहमीसारखी तिच्या उजव्या बाजूला बसले. सरांनी चहा केला. त्यांच्या बाजूची खुर्ची खोक्यांखाली गेली होती, म्हणून ते उभेच राहिले. मॅडमच्या खुर्चीत ते बसले नाहीत.

"आणलीत?"

मी रेकॉर्डर टेबलावर ठेवला. "सर, यात एकच आहे. शेवटचं. बाकीची मी पुसली. पान मंजूर झालं की पुसायची, अशी माझी पद्धत होती. मॅडमना माहीत होतं. यंत्राचा दोष नाही."

त्यांनी रेकॉर्डर उचलला, उलटा करून पाहिला, परत ठेवला.

"सगळी?"

"त्रेसष्ट."

"तुम्ही माझी बायको पुसलीत," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी त्यावर जे बोलले ते बोलायला नको होतं. म्हणाले, "मी फाइली पुसल्या, सर. बाई दीड वर्ष तुमच्या शेजारच्या खोलीत बोलत होत्या."

खिडकीची काच वाऱ्याने वाजत होती. सर वळून खाली समुद्राकडे बघायला लागले. मला वाटलं, आता उठून जावं. पर्स हातात घेतली होती.

"मी फुटबॉल बघायचो," ते म्हणाले. "आवाज मोठा करून. म्हणजे तिचा खोकला ऐकू येऊ नये."

मी पर्स खाली ठेवली.

शेवटचं रेकॉर्डिंग त्यांना ऐकायचं होतं, पण एकट्याने नाही. मी बटण दाबलं. मॅडम सांगत होत्या की आयर्लंडचं पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटात विलीन करायचं ठरलं आणि असे सगळे ओसाड मतदारसंघ बंद झाले. आणि जमीनदारांना त्याची भरपाई मिळाली. जागा गेल्या म्हणून त्यांना नुकसानभरपाई. 'वाळूला काही मिळालं नाही,' मॅडम म्हणाल्या. मग थांबल्या. मग खुर्ची सरकली, सपाता, नळ, कप, खोकला. मी सरांकडे पाहिलं नाही. मला पुढचं माहीत होतं.

दार उघडल्याचा आवाज. मग सरांचाच आवाज, लांबून: "जेवलीस का?"

आणि श्वास आत ओढून: "हो."

"सगळं?"

"सगळं."

मग मॅडमना यंत्र दिसलं असावं. "अरे देवा, हे चालूच आहे," आणि बंद.

सर म्हणाले, "जेवली नव्हती. कचऱ्याच्या डब्यात टोस्ट होता."

त्यांनी ते पुन्हा लावलं नाही. खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि विचारलं, "पुस्तकातून तुम्ही काय काय काढलंत?"

"पुस्तकाचं नव्हतं ते."

"म्हणजे काय?"

मला वाटत होतं मला आठवणार नाही. दीड वर्ष मी ते कानाने ऐकून बोटांपर्यंत येऊच दिलं नव्हतं. पण तोंड उघडलं आणि ते आलं. बंदराच्या प्रकरणात त्या मध्येच म्हणाल्या होत्या की पलीकडे माझा नवरा घोरतोय, जहाज धक्क्याला लागल्यासारखं. सर एकदम हसले. एका ठिकाणी त्यांनी वाळूला शिवी दिली होती, मग माफी मागितली होती, मला की वाळूला ते कळलं नव्हतं. एकदा सभासदांची यादी सांगताना एका माणसाच्या नावापाशी अडल्या आणि म्हणाल्या, या गाढवाने आयुष्यात एकदा तरी तिथे पाय ठेवला असेल का? मी सांगत गेले. सर मध्येच हात वर करायचे आणि म्हणायचे, "थांबा," मग थोड्या वेळाने, "हं."

मग त्यांनी छापील पानांतून धुराड्याचं पान काढून माझ्यापुढे केलं. "ती जसं म्हणाली तसं वाचा."

मी वाचायला लागले. चंद्रपूरच्या तोंडून वेक्सफर्डचं इंग्रजी. पण कुठे थांबायचं ते मला माहीत होतं. ते मी तेव्हाच शिकले होते, कारण टाइप करायला उसंत तिथेच मिळायची. 'अधिकारी येत असे,' थांबा, 'आणि वाचत असे,' मोठा थांबा, 'आणि कुणी नाही असं कुणीच म्हणत नसे.' सरांचे डोळे मिटलेले होते. एका ठिकाणी त्यांनी दुरुस्ती केली, तिने 'वाळू' हा शब्द आणखी हळू म्हटला असता. मी हळू म्हटला.

"बस," ते म्हणाले. "पुरे."

मी पान खाली ठेवलं.

"आता हे मला तुमच्या आवाजात ऐकू येणार," ते म्हणाले. तक्रार नव्हती. एखाद्याने काटा कुठे टोचला ते दाखवावं तसं सांगितलं.

शेवटच्या प्रकरणावर खूण कोण करणार हा प्रश्न होता. मी लाल पेन त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी मान हलवली. "ते तिचं काम." म्हणून ते प्रकरण तसंच, खुणेशिवाय, गावच्या इतिहास मंडळाकडे गेलं. लिफ्टपर्यंत ते माझ्यासोबत आले आणि हात पुढे केला. मी हात मिळवला.

रविवारी सकाळी मी रोजच्यापेक्षा तासभर आधी ऑफिसला पोचले. दिवे लागलेले नव्हते, झाडणारा नुकताच निघत होता. पुस्तकाची पक्की फाइल उघडली आणि तिची दुसरी प्रत केली. त्या प्रतीत, पान एकपासून, मी काढलेलं सगळं जागच्या जागी परत घालायला सुरुवात केली. चौकटी कंसात, म्हणजे पुस्तक कुठलं आणि मॅडम कुठल्या ते वेगळं दिसावं. पान तीन: इथे बेल वाजली, पाण्याचा जार घेऊन माणूस आला, त्याला त्या दोनदा थँक यू म्हणाल्या. पान पाच: इथे आईच्या किल्ल्या हरवल्याची गोष्ट, शेवट सांगायच्या विसरल्या. पान आठ: इथे गाणं गुणगुणल्या, शब्द मला कळले नाहीत. जिथे नक्की आठवत नव्हतं तिथे तसं लिहिलं.

साडेसातला साइटवरून ड्रॉइंगांचा गठ्ठा आला. तोवर अकरा पानं झाली होती. ती सरांना पाठवली, उरलेली सोमवारी रात्रीपर्यंत देते असं खाली लिहिलं, आणि गठ्ठ्याची दोरी सोडली.